ओटीपी कुणालाच नाय

कर्जतच्या दवाखान्यात आनंदीबाई नंबर लावून बसल्या होत्या. शेजारी बसलेल्या वाल्मिकच्या फोनमधून परदेशात शिकायला गेलेली त्याची पोरगी एवढ्या मोठ्यानं बोलत होती की सगळा दवाखाना ऐकत होता.

“पप्पा, मी रिया. तिबिलिसीला विमानतळावर उतरले. माझं कार्ड इथल्या मशीनमध्ये चालत नाय. ते चालू करायला तुमच्या नंबरवर ओटीपी आलाय, सांगा लवकर.”

“ओटीपी कुणाला सांगायचा नाय.”

“मी काय परकी हाय? हॉस्टेलची गाडी सुटतेय, ड्रायव्हर इथलीच रोकड मागतोय. मग मी एकटी कुठं जाऊ?”

“मागल्या साली असाच आवाज काढून एकानं मला लुटलं.”

“अरं बाबा, पोटच्या पोरीचा आवाज वळखत नाय?” आनंदीबाई कडाडल्या. “कान तपासायला आलायस का?”

“मावशी, तुमी गप ऱ्हावा. सांग पोरी, तू घरातनं निघताना टेंपोत सामान चढवल्यावर मी तुला काय बोललो?”

“काय बी नाय बोललात. बांधलेल्या दोरीला परत परत गाठी मारत बसलात, रडताना दिसू नये म्हणून.”

वाल्मिकनं चष्मा पुसला.

“लिही. चार... सात... थांब गं, दिसंना मला.”

“आण इकडं,” आनंदीबाई म्हणाल्या. “आकडे वाचता येतात मला.”

त्यानं फोन त्यांच्या हातात दिला.