रद्द नाही, पुढे ढकललंय

"सून चांगली आहे गं, पण म्यूटवर आहे. आणि ते बटण कुठंय, आमच्यात अजून कुणाला सापडलेलं नाही..."

हे कोण कुणाला म्हणालं? माझ्या सासूबाई, त्यांच्या धाकट्या बहिणीला, यामिनीमावशींना, फोनवर. हात कणकेत म्हणून फोन स्पीकरवर, आणि मी खिडकीच्या पलीकडे, मोरीपाशी, मेथी निवडत. आता तुम्हीच सांगा, यावर माणसानं काय करावं? आत जाऊन म्हणावं का, आत्या, ऐकू आलं बरं का मला? मी मेथी निवडली. तेवढी स्वच्छ मेथी आमच्या घरात त्यानंतर कधी निवडली गेली नाही, काडी म्हणून नाही एक.

आणि तुम्हाला सांगते, मी बोलत नाही असं नाहीच, मला मध्ये शिरायला जागाच मिळत नव्हती. आमच्यात सासूबाईंना आत्या म्हणतात, सासऱ्यांना मामा. मामा म्हणजे कोपरगावातल्या एका शाळेतले नृसिंह सर, स्काऊट मास्तर. आत्या त्याच शाळेतल्या अंबिकाबाई, गाईड कॅप्टन. म्हणजे एका घरात दोन शिट्ट्या, आणि तिसरा कुकर. पहाटे मामांची शिट्टी, त्याला अंगणातून आत्यांचं उत्तर, आणि मी गॅसपाशी उभी, की बाई डाळीच्या दोन झाल्या की तीन... आणि माझा नवरा केदार, तो असा की शिट्टी वाजली की झोपेतच सावधानमध्ये सरळ होतो, डोळे मिटलेले. अशा घरात माझ्या "अहो, चहा टाकू का" ला कोण विचारतं?

तर लग्न आमचं करोनाच्या पहिल्या वर्षातलं, दिवाळीनंतरचं, पन्नास माणसांतलं. आणि त्याच डिसेंबरात भंडारदऱ्याचं शिबिर. दरवर्षीचं. मामांची उमर गेली त्या शिबिरात, केदार पहिल्यांदा चालला तो म्हणे तिथंच, तंबूची दोरी धरून. पुढच्या मे अखेरीला मामा रिटायर होणार होते, म्हणजे हे त्यांचं शेवटचं शिबिर. आणि वरून निरोप आला की यंदा शिबिरं-बिबिरं काही नाही, शाळाच बंद आहे तर शिबिर कसलं. मामांनी फोन ठेवला, चष्मा पुसला, आणि आम्ही कुणी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "रद्द नाही. पुढे ढकललंय."

झालं. ते वाक्य आमच्या घरात राहायलाच आलं. डिसेंबरचं फेब्रुवारीत ढकललं, फेब्रुवारीचं परीक्षेनंतर ढकललं, परीक्षाच ढकलल्या तेव्हा म्हणाले पावसाच्या आधी उरकू. दर महिन्याला आत्या माळ्यावरचे तंबू काढून गच्चीत उन्हाला घालायच्या, बुरशी नको म्हणून. शेजारच्या काकू विचारायच्या, "काय हो बाई, पाहुणे येणारेत का?" आत्या म्हणायच्या, "नाही हो, आम्ही जाणार आहोत." आणि संध्याकाळी ते तंबू पुन्हा घडी करून माळ्यावर. आम्ही कुठंच गेलो नाही, पण तंबूंना ऊन भरपूर मिळालं.

पण मामा स्वस्थ बसणाऱ्यातले आहेत का? पथक मोबाईलवर भरायला लागलं. मोबाईल माझा, कारण घरात बरा तेवढाच, आणि तो धरायचं काम माझं, मुलांना आत घ्यायचं माझं, गोंधळ झाला की सगळ्यांना म्यूट करायचंही माझंच. म्हणजे बघा, काम कसं बरोबर माणसाकडे गेलं.

पहिल्या दिवशी रीफ नॉट नावाची गाठ. तोंडानं मामा म्हणतायत "उजवी डावीवर, मग डावी उजवीवर", आणि समोरासमोर असल्यामुळे मुलांना त्यांची उजवी दिसतेय डावीकडे. मग निम्मं ऐकून आणि निम्मं बघून पोरांनी जी काय गाठ मारली... आरती म्हणून गाईडची संघनायक आहे, हुशार पोरगी, तिनं खाटेच्या पायाला मारली, ती पुढं विळ्यानं कापावी लागली. तिची आई मागून ओरडतेय, "सर, दोर नवा हुता ओ!"

मग तंबू. घरातल्या चादरी-साड्यांचा तंबू उभा करा, सर तपासणार. मी मोबाईल धरलाय, मामा वहाणा घालून, गळ्यात स्कार्फ घालून, आमच्याच हॉलमध्ये तपासणीला निघालेत. एकाच्या तंबूत आजी झोपलेली. मामा म्हणाले, "आजींना बाहेर घ्या." तो म्हणाला, "सर, ती म्हनती लई बरं वाटतंय आत, आता मी हितंच राहनार."

आणि कानिफनाथ. त्याचे आईबाप ऊसतोडीला, कारखान्याजवळ कोपीत राहायचे, हाही त्यांच्यासोबत. त्याला कधी चित्र दिसायचं तर आवाज नाही, आवाज असायचा तर चित्र नाही. त्यानं मोबाईल कोपीवरून फिरवला, पाचट, ताडपत्री, दाराला पोतं, आणि म्हणाला, "सर, आमचा तंबू तर रोजचाच हाय की. ह्यो चालंल का?" मामांनी स्कार्फ सरळ केला. मग म्हणाले, "पैकीच्या पैकी." आणि त्या दिवशीची तपासणी तिथंच संपली.

आणि शेवटी दर वेळी आत्या मध्ये डोकं घालायच्या. भंडारदऱ्याचं शिबिर मोडताना त्या मुलांना एक वाक्य सांगायच्या, कितीतरी वर्षं तेच, तोंडात बसलेलं. "सरळ घरी जायचं, वाटेत कुठं थांबायचं नाही, आणि घरी पोचलं की आधी आईला हाक मारायची." तेच मोबाईलवर. पोरं खिदळायची, "बाई, आमी घरीच हाय की!" आत्या म्हणायच्या, "असाल. तरी हाक मारा." आणि मग खरंच, एकेका चौकोनातून, आई, ओ आई... आणि कुठल्यातरी स्वयंपाकघरातून, "काय रे मेल्या, इथंच तर बसलीये."

हे सगळं मी बघत होते. म्यूटवरून बघायला बरं पडतं.

एक गोष्ट मात्र घरात कुणाला ठाऊक नव्हती, आणि कुणी विचारली नाही म्हणून मी सांगितली नाही. पाथर्डीला शाळेत मी गाईड होते. संघनायक. आमच्या बाईंनी आज्ञा द्यायला शिकवली होती ती अशी, की मैदानापलीकडची म्हैस थांबावी. पण नव्या सुनेनं हे कधी सांगायचं? पोळ्या लाटताना? मामा मला कपड्यांच्या दोरीशी उभं करून गाठ शिकवायचे, "हे बघ धनश्री, दोन वेढे, मग दोन अडके", आणि मी मान हलवायची. ती दोरी केदारनं बांधलेली, रोज सुटायची. एका दुपारी मी गुपचूप नीट बांधून टाकली. आत्यांनी संध्याकाळी ओढून पाहिली. पुन्हा ओढून पाहिली. "ही गाठ कुणी मारली हो?" मामा आतून म्हणाले, "मीच मारली असणार, दुसरं कोण आहे?" आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मेथी निवडत होते. आमच्यात मेथी फार.

मग एप्रिल आला. तो एप्रिल तुम्हाला आठवत असेल, मी कशाला सांगू. रस्त्यानं नुसत्या गाड्या जायच्या, त्या सायरनच्या. आत्यांना आधी ताप, मग चव गेली, मग जिना चढताना मध्येच बसल्या. कोपरगावात खाट नाही, शिर्डीच्या बाजूला नाही, केदारचे फोन, याला फोन, त्याला फोन, शेवटी नगरला एक मिळाली. ॲम्ब्युलन्स दारात. मामांना त्यांनी गाडीत घेतलं नाही. आत्यांनी पायरीवरून आमच्याकडं बघितलं, आणि डावा हात पुढे केला. माझ्याकडं. स्काऊट-गाईडवाले डाव्या हातानं हात मिळवतात, घरातल्या इतर कुणाला नाही, मलाच केला, आणि माझाही डावाच वर गेला, आपोआप. मग त्यांना आठवलं की हात लावायचा नाही. त्यांनी मागे घेतला. माझा तिथंच राहिला, वर. आत्या मास्कच्या आत हसल्या, डोळ्यांवरून कळतं ना ते. म्हणजे बटण कुठंय ते सापडलं होतं त्यांना. दोरीवरच सापडलं होतं.

मामा गाडीमागून म्हणाले, "तंबू मी घालतो उन्हाला. तू ये. रद्द नाही, पुढे ढकललंय."

आत्या आल्या नाहीत. नगरलाच सगळं झालं, किटमधल्या माणसांनी केलं. केदार लांब उभा होता, गेटच्या बाहेर. लोकांचे फोन यायचे, भेटायला येऊ का, आणि मामा प्रत्येकाला त्याच आवाजात, "आत्ता नको. पुढे ढकललंय सगळं." रडणंसुद्धा पुढे ढकललेलं. केदारचं, माझं, घराचं. मामांनी आत्यांचं नावसुद्धा घेतलं नाही त्या दिवसांत. रोज सकाळी शिट्टी वाजवायचे आणि थांबायचे, अंगणातून उत्तर यायची वाट बघायचे, आणि मग कुकर वाजायचा.

मे अखेर आली. रिटायर व्हायचा दिवस. शाळेतून फोन, सर, निरोप समारंभ आत्ता करता येत नाही, तो आपण... "पुढे ढकलू," मामाच म्हणाले. दुपारी शाळेचा माणूस आला, फाटकाला पिशवी अडकवली, लांबूनच नमस्कार केला आणि गेला. पिशवीत शाल आणि नारळ. नारळावर सॅनिटायझर मारलेला. मामांनी तो नारळ हातात घेऊन असा पाहिला, जसा एखादा अनोळखी पाहुणा.

आणि म्हणाले, "आज शेकोटी घेऊ. सगळ्यांना कळव."

दिवेलागणीला गच्चीत चार लाकडं पेटवली. मामा पूर्ण गणवेशात. केदार मागं भिंतीपाशी. मी मोबाईल स्टुलावर टेकवला. एकेक चौकोन उघडत गेला, आरती त्यांच्या पत्र्यावर, कानिफनाथ गावाकडं पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर, रेंज तिथंच म्हणून, सगळ्यांच्या गळ्यात स्कार्फ, सगळ्यांनी मोबाईल लांब ठेवलेले, पायापासून डोक्यापर्यंत दिसावं म्हणून. मामा म्हणाले, "पथक, सावधान. आपल्या बाईंसाठी दोन मिनिटं स्तब्धता. सगळे माईक बंद." मी सगळ्यांचे बंद केले. आणि मामांनी बोट पुढं करून स्वतःचाही बंद केला. शिकले होते ना, आणि नियम म्हणजे नियम, सगळ्यांना सारखा.

दोन मिनिटं झाली. आणि मामा बोलायला लागले. माईक तसाच बंद.

मला दिसत होता हो, माईक बंद असल्याचा तो लाल ठिपका. केदारलाही दिसला, तो पुढं आला, आणि मी मान हलवली, नको. कारण मामा म्हणाले, "अंबिका..." पहिल्यांदा. म्हणाले, तू गेलीस तेव्हा मी तंबूंचं बोललो. दुसरं काही सुचलं नाही मला. म्हणाले, आता नाही पुढे ढकलत मी, शिबिर रद्द आहे, बाळांनो, रद्द झालं ते. सर म्हणून उभं राहायला एवढंच उरलं होतं, तेही आज संपलं. मामांना हुंदका आला तो कसा, तर सावधानमध्ये उभ्या माणसाला येतो तसा, सरळ.

आणि पोरं? पोरांना दिसत होतं की सरांचे ओठ हलतायत. पण सावधानमध्ये हात हलवायचा नाही, आणि हात हलवल्याशिवाय "सर, आवाज येत नाही" म्हणता येत नाही. आरतीच्या पायापाशी कोंबडी घुटमळून गेली. कानिफनाथच्या गालावर डास बसला, मला इथून दिसत होता, त्याची पापणी हलली तेवढीच. कुणी हललं नाही. आभाळ काळं व्हायला लागलं, चौकोन काळे व्हायला लागले, स्कार्फ तेवढे दिसत होते.

मामांचं बोलणं संपलं. डोळे पुसून ते म्हणाले, "विश्राम." कुणी हललं नाही. "विश्राम," पुन्हा. नाही. शिट्टी वाजवली. नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पथक त्यांचं ऐकत नव्हतं. ते माझ्याकडं वळले, आणि मी ठिपक्याकडं बोट केलं, आणि त्यांना कळलं की हे सगळं त्यांना आता पुन्हा बोलावं लागणार. त्यांनी बटण दाबलं. तोंड उघडलं. आवाज आला नाही. आता माईक चालू होता, मामाच बंद होते.

लाकडं विझत आली होती. केदार भिंतीशी, मामा तसेच, आणि पोरं तिकडं उभीच, आमच्यासाठी नाही, आज्ञेसाठी. कुणीतरी द्यायला हवी होती ना?

मी स्टुलासमोर जाऊन उभी राहिले, टाचा जुळवल्या, आणि पाथर्डीच्या आवाजात, शेजारच्या काकू गच्चीत आल्या इतक्या मोठ्यानं म्हणाले, "पथक, विश्राम! शिबिर रद्द झालेलं आहे. सरळ घरी जायचं, वाटेत कुठं थांबायचं नाही, आणि घरी पोचलं की आधी आईला हाक मारायची."