सगुणाआईच्या तळहातावरचं तीर्थ

गजर पुरे झाला मंडळी! आता मला एवढंच सांगा — देवाच्या नावावर केलेलं पाप देव माफ करतो का? माना डोलावू नका! आधी ऐका.

निंबेरे नावाचं गाव. सोनाई नदीच्या काठी नृसिंहाचं देऊळ, आणि देवळाच्या वरच्या अंगाला नगरपालिकेचा मैलापाण्याचा प्रकल्प. नाक मुरडलंत? मुरडा! रोज सकाळी बादलीभर पाणी ओतून तुम्ही जे विसरता, ते तिथं जातं. मोठाल्या हौदांत त्याला यंत्रानं हवा मारतात. त्या हवेवर डोळ्यांना न दिसणारे जीव जगतात, आपली घाण खातात, आणि मग निवळ पाणी नदीत सुटतं. त्या जिवांना कधी हात जोडलेत? छे! आपले हात हारतुरे घ्यायला मोकळे!

या गावच्या उत्सव समितीचे अध्यक्ष बळवंतराव इंगवले. कडक टोपी, कपाळभर गंध, आणि छाती अशी फुगलेली की दारातून तिरकं व्हावं लागे! सप्ताह बसला, आणि त्यांना खटकला प्रकल्पाचा आवाज. इकडं महाराज गाताहेत आणि तिकडं सारखं घूं — घूं! भक्तीत व्यत्यय म्हणे! बोलावलं नगरपालिकेच्या इंजिनिअरला.

“कासार, सप्ताह उठेपर्यंत ते धूड बंद ठेवा.”

“साहेब, हवा थांबली की हौदातले जीव मरतील. गावाचा मैला आहे तसा घाटावर येईल.”

“नदी वाहती आहे हो! आणि नृसिंह काय झोपलाय?”

“बरं साहेब.”

बरं साहेब! एवढं शिकले, आणि शेवटी एवढंच शिकले!

आवाज थांबला. बळवंतराव खूश! पण घाटावरची आंघोळ मात्र त्यांनी गुपचूप सोडली. घरच्या न्हाणीघरात हर हर गंगे!

समाप्तीचा दिवस आला. तिथली रीत अशी, की अध्यक्षानं नदीत उतरून घागर भरायची, देवाला स्नान घालायचं, आणि तेच पाणी तीर्थ म्हणून गावानं घ्यायचं. आता सांगावं कसं? अब्रू जाते! उतरले. नाक दाबायची सोय नाही — समोर फोटोवाले! घागर भरली आणि ओतली देवाच्या डोक्यावर. हो, देवाच्या! पुजाऱ्यानं पहिली पळी त्यांनाच दिली. गड्यानं काय करावं? टोपी काढली, आणि ओला हात ओठाला न लावता थेट डोक्यावर फिरवला! केस भिजले, जीभ कोरडी. वा रे भक्त!

ओळ पुढं सरकत होती. म्हातारे प्यायले, लेकुरवाळ्या प्यायल्या, त्यांनी पोरांच्या जिभेवर बोट टेकवलं. बळवंतराव शेजारी उभे राहून हसताहेत! आणि मग ओळीत आली त्यांची आई, सगुणाआई. सप्ताहभर उपाशी, या तीर्थावर उपास सोडणारी. तिनं तळहात पुढं केला. पळी रिती झाली. हात ओठांशी गेला —

“आई, नको!” बळवंतरावांनी झडप घालून तिचा हात धरला.

“अरे, तीर्थ सांडलंस की!”

“तीर्थ नाही ते आई. गावाचा मैला आहे त्यात. मीच यंत्रं बंद करायला लावली.”

म्हातारीनं वळून पाहिलं — तीर्थ घेऊन बसलेल्या बायका, त्यांच्या कडेवरची पोरं.

“मग बाळा,” ती म्हणाली, “यांचा हात का रे नाही धरलास?”

म्हातारीनं आपला हात सोडवून घेतला आणि त्या बायकांत जाऊन बसली.

देव माफ करतो का, हे मला विचारू नका. त्या पोरांच्या आयांना विचारा!

टाळ्या कसल्या वाजवताय? मघाशी, मी उभा राहण्याआधी, तुमच्याच समितीचे एक गृहस्थ माझ्या कानाशी लागले — ‘महाराज, निश्चिंत गा, पलीकडचा आपला मैलापाण्याचा प्रकल्प बंद करायला सांगितलाय!’ नाव घेत नाही. पहिल्या रांगेत आहेत, मांडी बदलताहेत. उठा! जा, आधी ती यंत्रं सुरू करा. त्यांचा आवाज या मंडपात ऐकू येईपर्यंत मी देवाचं नाव घेणार नाही. बसलोय मी इथं.