बाटलीखालची चिठ्ठी

ईशा, ये, अशी जवळ बस. तिकडं खिडकीशी बसून पुटपुटलीस तर मला काय ऐकू येणार? आणि इल्फर्डहून वॉटफर्डला मावशीकडं यायला तुला चार महिने लागले होय गं? तुझ्या आईच्या कानावर घालणार आहे मी. तो फोन ठेव टेबलावर, होऊ दे रेकॉर्ड, पण चहा गार करू नकोस.

तर माझं माहेर तासगावकडचं. अण्णांची, माझ्या वडिलांची, द्राक्षबाग होती. वर्षातनं दोनदा छाटणी, उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरता फळछाटणी, आणि बाग पंधरा-सोळा वर्षांची झाली की अण्णा म्हणायचे, म्हातारी झाली, काढा आता. की मुळासकट उपटायची. मी बाविसाव्या वर्षी लग्न करून इकडं इंग्लंडला आले. हे इलेक्ट्रिकची कामं करायचे, मी शाळेच्या कॅन्टीनमध्ये लागले, तीस वर्षं इंग्रज पोरांना बटाटे वाढले. निखिल झाला, शिकला, केंब्रिजला गेला, तिथंच राहिला.

आता ते कपाट सांगते, कारण सगळं तिथंच अडलंय. छोट्या खोलीत माझं भेटवस्तूंचं कपाट आहे. तुझ्या आईकडेही असणार, नाही म्हणू नकोस. आलेली वस्तू त्यात ठेवायची, तिच्या बुडाला चिठ्ठी चिकटवायची, देणाऱ्याचं नाव लिहून, म्हणजे त्याचं त्यालाच परत जायला नको. देताना उलटी करून बघायचं, चिठ्ठी काढायची, मग पिशवीत घालायची. हे हसायचे मला. म्हणायचे, सुमन, एखाद दिवशी मलाही चिठ्ठी लावून कुणाला तरी देशील.

निवृत्तीनंतर आम्ही कोचनं, म्हणजे सहलीच्या बसनं, स्पेनला गेलो. तिथं एका घरची वायनरी दाखवली, घरचीच माणसं राबणारी, आणि तिथले वेल काय सांगू तुला, ना मंडप ना तार, गुडघ्याएवढे काळे बुंधे, शंभरीला टेकलेले. तिथली आजीबाई माझ्याच वयाची. तिच्या आज्यानं तीन जाती एकाच रांगेत मिसळून लावलेल्या, एक रुसली तर दुसरी येईल म्हणून, आणि तोडायची तीही एकत्र, वाइनही एकत्रच. गाइडनं सांगितलं हे. पण मी तिला बोटांची कात्री करून दाखवली, दोन बोटं दाखवली, आमच्याकडं वर्षातनं दोनदा. तिनं एक बोट दाखवलं. मग माझा हात धरून त्या बुंध्यावर ठेवला. खरखरीत होता, उन्हानं तापलेला. मी म्हटलं, एवढे म्हातारे ठेवतात होय.

ह्यांनी तिथली एक बाटली घेतली. म्हणाले, लग्नाला पन्नास वर्षं झाली की फोडू आणि तूही एक घोट घ्यायचास. मी जन्मात घेतली नव्हती. म्हटलं, नाही. हॉटेलापर्यंत कोचमध्ये हेच. शेवटी म्हटलं, बरं बाबा, एक घोट, आता गप्प बसा. घरी आल्यावर त्यांनी ती टॉवेलात गुंडाळून माझ्या कपाटात आडवी ठेवली, ती खोली गार असते म्हणून.

फेब्रुवारीत हे गेले. मेमध्ये पन्नास पूर्ण होणार होती. मला रडू आलं नाही, आजतागायत नाही. फॉर्म भरले, त्यांचा बसपास परत केला, निखिल म्हणायचा आई थोडं बस, मी म्हणायचे बसून काय करू. तेरावा झाल्यावर घरातलं सगळं कापड धुवायला काढलं, त्यात तो टॉवेलही गेला. बाटली मी उभी केली, ख्रिसमसला आलेल्या दुसऱ्या बाटल्यांच्या शेजारी. डोकं चालतच नव्हतं गं. शेजारची पॉलीन तेव्हापासून आमचे कचऱ्याचे बिन बाहेर काढायची, तिला काहीतरी द्यावं म्हणून पुढची बाटली उचलली, पिशवीत घातली, दिली. उलटी करून बघितली नाही. सगळ्या जन्मात तेवढी एकदाच.

एप्रिलच्या शेवटी निखिलनं फोनवर विचारलं, आई, बाबांची ती बाटली आहे ना? मी कपाट उघडलं, तर तिथं नुसत्या ख्रिसमसच्या बाटल्या; पॉलीनला गेली ती तीच.

दिलेलं परत मागायचं नसतं. तरी गेले. पॉलीन म्हणाली, ओ सुमन लव्ह, रविवारी रोस्टबरोबर उघडली, इतकी छान होती. पेलाभर उरलेली, ग्रेव्हीला म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेली. मी सांगितलं तशी ती खुर्चीतच बसली, रडायला लागली, मीच तिच्या पाठीवरनं हात फिरवला. मग बाटली माझ्या हातात देत म्हणाली, खाली काहीतरी लिहिलंय, मला वाचता येत नाही, म्हणून काढलं नाही.

ह्यांचं अक्षर. देणारा, मी. घेणारी, सुमन, एक घोट. दुसऱ्या कुणाला द्यायची नाही.

लग्नाच्या वाढदिवसाला निखिल आला. मी घोट घेतला. गार होता, आंबलेला, अण्णांच्या बागेतल्या कच्च्या द्राक्षमण्यासारखा. काही वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. निखिल म्हणाला, कशी आहे? म्हटलं, आंबट आहे.

आता मी रोज दुपारी त्या कपाटातली एकेक वस्तू उलटी करून बघते. पातेली, शाली, फोटो फ्रेमा. ह्यांनी आणखी कुठं काही लिहून ठेवलं असेल तर. आतापर्यंत सगळीकडं माझंच अक्षर निघालंय. खालच्या तिन्ही फळ्या झाल्या. वरच्या फळीला माझा हात पुरत नाही, निखिल स्टुलावर चढू देत नाही, आणि त्याला मी कशासाठी ते सांगितलेलं नाही. आज तुझी ट्रेन चुकेल, जा. पण तू उंच आहेस. पुढच्या शनिवारी ये गं, चार महिने लावू नकोस. येताना काही आणू नकोस.