दात माझा आहे

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा गाल धरून बसले होते. पलीकडे त्यांची बायको.

"दात माझा आहे. काढायचा की नाही, ते मी ठरवणार. माणसाच्या शरीरावर सत्तेचा हक्क चालत नाही. जन्मभर वर्गात हेच शिकवलं मी."

"सत्ता कोण?"

"तू."

"मग पहाटे कण्हत कण्हत सत्तेला कुणी उठवलं?"

"तो करार असतो. राज्य संरक्षणापुरतं हवं. बाकी त्यानं लुडबुड करू नये, असं मोठमोठे विचारवंत सांगून गेलेत."

"बरं. नाही करत."

आतून सिस्टर दारात आली. "काका, चला आत. काकू, तुम्ही इथंच थांबा."

"ही का नाही?"

"आत फक्त पेशंटला सोडतो."

"सिस्टर, हिला येऊ द्या की."

"अहो, जा ना. स्वतंत्र आहात तुम्ही. आधी माझा हात सोडा."