डिकीतलं लाल गाठोडं

माझी सेकंडहँड स्कुटी माहितीये ना, उदगीरच्या शेजारच्या काकांकडून घेतलेली? तिच्या डिकीत हळद-कुंकू लागलेलं एक लाल गाठोडं होतं. करणी-बिरणी असेल म्हणून मी दोन महिने त्याला हात लावला नाही.

परवा लातूरला मुलाखतीला अर्धा तास उरलेला आणि स्कुटी बंद! मेकॅनिक म्हणाला, "ताई, प्लग गेलाय. दहा-बारा हजार किलोमीटरला बदलायचा असतो. ह्यो तर कंपनीतून आलेलाच हाय."

मी रडवेली होऊन काकांना फोन लावला.

"आगं, दर दसऱ्याला नवा प्लग आणलाय मी!"

"मग बसवला का नाही?"

"जुना चालू हाय, तर नवा कशाला खराब करायचा? पूजा करून डिकीतच ठेवलेत बघ."

मेकॅनिकनं गाठोडं सोडलं तशी मी किंचाळून मागं सरले. आत सहा कोरे प्लग! एक बसवला आणि स्कुटी लगेच सुरू झाली. मुलाखतीला वेळेत पोचले.

बाहेर येऊन काकांना आनंदानं सांगितलं. ते म्हणाले, "पोरी, पूजेतला प्लग गाडीत घातलास व्हय?"