ताकातली भुईआवळी

श्रावणातली सकाळ होती. आळंदच्या बसस्टँडवर कडगंचीच्या गाडीची वाट बघत बसलेल्या मालतीबाई मास्तरणींच्या पाठीमागं एक म्हातारी आणि तिची भाची बोलत होत्या.

"मावशी, भुईआवळी न्यायलेय. टीबीच्या गोळ्यांनी ह्यांचं लिवर बिघडलंय. रस दिला की साफ होतंय म्हणं."

"गोळ्या संपल्या व्हय?"

"न्हाई, चार म्हैने ऱ्हायलेत. पण डोळे पिवळे दिसायलेत, म्हणून बंद केल्या."

"डाक्टरला इचारलीस?"

"कामून? झाडपाल्यानं काय होतंय?"

"माज्या रामकिशनला बी टीबीच हुता. त्येला ताकातून हीच दिली, शकू. भूक लागली, तोंडाला चव आली. आमाला वाटलं, पोरगं बरं झालं."

"मग?"

"गोळ्या तशाच डब्यात ऱ्हायल्या. पोरगं गेलं."

म्हातारीनं भाचीचा हात धरला.

"आजच डोळे दाखव त्येचे. गोळ्या चालू ठेवायच्या का बदलायच्या, डाक्टर सांगंल. रसाचं बी त्येलाच इचार."

"मावशी, तुजी गाडी सुटायली."

"सुटू दे. तुज्यासंगं येते मी. माज्यासंगं कुणी नव्हतं."