इन्सुलिनसाठी गेलेले पंधरा जण

आमच्या सरकारी दवाखान्यात महिनाभर इन्सुलिनच नव्हतं, तेव्हाची गोष्ट सांगतो. बाहेरून विकत घेणं सगळ्यांना झेपत नव्हतं, म्हणून आम्ही पंधरा पेशंट निवेदन घेऊन नाशिकला आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबांकडं गेलो. सगळ्यांत पुढं सायखेड्याच्या सत्तरीतल्या सखूबाई.

साहेब म्हणाले, "मागणी वर पाठवलीय. आठ-दहा दिवस लागतील. बसा, चहा घ्या."

चहा आला, चांगला गोड. आम्ही कुणी कपाला हात लावला नाही. सखूबाईंनी मात्र कप उचलला.

साहेबांनी विचारलं, "बाकीचे का घेत नाहीत?"

"सगळ्यांना शुगर हाय, साहेब," सखूबाई म्हणाल्या. "मला बी हाय. पण तुमी एवढ्या मायेनं दिला, तर मी पिते. मंग इंजेक्शन येईस्तोवर इथंच पडून राहीन."

हे ऐकून आम्ही उरलेल्या चौदा जणांनीही कप उचलले.

साहेबांचा चेहरा उतरला. "थांबा, कुणी पिऊ नका," म्हणत त्यांनी फोन लावला. इंजेक्शनं त्याच संध्याकाळी दवाखान्यात पोचली, पण त्यांचं फोनवरचं बोलणं मला अजून आठवतं: "उद्या नको, आत्ताच गाडी काढा. इथं पंधरा माणसं चहा हातात घेऊन बसलीत."